कळंबची नमुनाबाई

कोणतीही नवी वस्तू हातात दिली की ती आधी उलटी करून बघायची. साबणाची वडी असो, चहाचा पुडा असो, शांपूची बोटभर पुडी असो. पुढच्या बाजूला छापलेल्या हसऱ्या बाईकडे तिचं लक्षच जायचं नाही. पाठ बघायची, चिकटवलेली कड नखानं उचकटून बघायची, नाकाशी न्यायची, कानाशी नेऊन हलवायची. एवढं सगळं झालं की हात लांब करून, डोळे बारीक करून, पहिल्यांदा पुढच्या चित्राकडे बघायची आणि पदर सावरून निकाल द्यायची. 'मला माहीत नाही' हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. खेड्यातल्या बायकांना काय आवडतं याचं जे ज्ञान त्या काळात मोठमोठ्या कंपन्यांना झालं, त्यातलं बरंचसं कळंबमधल्या या एका बाईच्या ओसरीवर तयार झालेलं होतं. कंपन्यांना हे आजही माहीत नसावं.

आमच्या ऑफिसात तिला 'नमुनाबाई' म्हणत. मी मावशी म्हणायची. तिचं नाव मी स्वतःच्या हातानं कितीदा तरी कागदावर लिहिलं, पण ते दर वेळी वेगळं असायचं. त्याचं कारण पुढे येईलच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मंचरची, बी.कॉम. होऊन घरी बसलेली. पुण्याची एक एजन्सी गावोगाव फिरून वस्तूंच्या वेष्टनांबद्दल लोकांची मतं गोळा करायची. कोणत्या रंगाचा कागद बरा, अक्षरं वाचता येतात का, चित्र बघून आत काय आहे ते कळतं का, असले प्रश्न. पुरुष विचारायला गेला की बायका दाराआड होतात, म्हणून त्यांना इकडचीच मुलगी हवी होती. वडिलांनी बरीच चौकशी करून परवानगी दिली. मग एक जीप, जीपमध्ये सुपरवायझर साहेब, मागे खोक्यांच्या ढिगात मी, असे आम्ही निघालो. साहेब पुण्याचे. उन्हाचा त्यांना त्रास होई आणि खेड्यांचा आदर वाटे. त्यामुळे ते आदरानं जीपमध्येच बसून राहत.

दारोदार एकच उत्तर मिळायचं : "मालक घरी न्हाईत." मी सांगायची, अहो, साबणाबद्दल विचारायचंय, कपडे तुम्हीच धुता ना? तरी उत्तर तेच. कळंबला रस्त्यापासून आत वळल्यावर चौथं की पाचवं घर तिचं. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी दमून विचारलं, "मालक आहेत का घरी?"

"न्हाईत. पन मी हाय की. इचारा!"

जीपमधून साहेब पहिल्यांदाच खाली उतरले.

त्या दिवसापासून आमचा ग्रामीण महाराष्ट्र कळंबला सुरू व्हायचा आणि पुष्कळदा तिथंच संपायचा. ती चहा करायची, सतरंजी टाकायची, आणि मुख्य म्हणजे प्रश्न संपले की विचारायची, "बास? येवढंच?" एकदा तिनं साहेबांना विचारलं, "तुमी मला नमुना म्हनता म्हनं. गावात नमुना येगळ्याला म्हनत्यात." साहेब गडबडले. त्यांनी समजावलं की मावशी, हजारो बायकांना आम्हाला विचारता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीनं एकीला विचारायचं, तिला नमुना म्हणतात.

"म्हंजी मी मेंबर झाले म्हना की," ती म्हणाली. नुकतंच ग्रामपंचायतीत बायकांचं आरक्षण आलं होतं. "आमच्या पंचायतीत बाई मेंबर हाय, पन बोलतो तिचा नवरा. हितं मी सोताच बोलते. म्हंजी माजं पद मोठं."

अडचण एकच होती. एका बाईला एकदा विचारलं की बरेच महिने पुन्हा विचारायचं नाही, असा एजन्सीचा नियम. साहेबांनी त्यावर तोडगा काढला. घरात सासू होती, धाकटी जाऊ होती, शेजारी चुलत नणंद होती. त्यांची नावं कागदावर येऊ लागली आणि उत्तरं मावशी देऊ लागली. जीप थांबली की ती विचारायची, "आज मी कोन व्हायचं, सायेब?"

साहेब खाली बघत म्हणायचे, "आज जरा पंचविशीच्या आतल्या."

आणि ती खरोखरच पंचविशीच्या आतली व्हायची. जाऊ असली की तिला गुलाबी रंग आवडायचा, वास भपकेदार लागायचा, पुडीवरची नटी ओळखू यायची. सासू असली की तोच गुलाबी डोळ्यांत खुपायचा आणि अक्षरं बारीक वाटायची. एकदा सासू म्हणून बोलताना तिनं सगळ्या वेष्टनांना नावं ठेवली, तेव्हा खरी सासू आतून ओरडली, "मी येवढी खाष्ट न्हाई गं!" ही शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, तुमी गप ऱ्हावा. तुमचं मत चाललंय."

तिच्या शेऱ्यांवर साहेब खूश असत. धुण्याच्या पावडरीचा एक नवा पुडा होता. त्यावर एक सडपातळ बाई पांढरीशुभ्र साडी उंच धरून हसत होती. मावशीनं तो उलटा केला, हलवला, मग चित्राकडे बघून म्हणाली, "ही धुनं धुवायला आलेलीच न्हाई. पदर खवलेला न्हाई, बांगड्या कोरड्या, आन् हसतीया. ही फोटू काढायला आलीया." साहेबांनी हे वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढं त्या पुड्यावरच्या बाईचा पदर खवलेला आला. पुडा मात्र इकडच्या दुकानांत धूळ खात पडला, कारण पदर खवल्यामुळे ती बाई मोलकरीण वाटते, असं इतर बायकांचं म्हणणं पडलं. मी हे मावशीला सांगितलं. तिला जराही वाईट वाटलं नाही. "बरोबर हाय त्यांचं," ती म्हणाली, "त्यांनी त्यांचं सांगितलं. मी माजं सांगितलं."

आमच्याकडे एक कार्ड असायचं. त्यावर पाच तोंडं काढलेली : पहिलं खदखदून हसणारं, मग नुसतं हसरं, मग मधलं सरळ ओठांचं, मग पडलेलं, आणि शेवटचं रडणारं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी वस्तू बघून एका तोंडावर बोट ठेवायचं. मावशीचं बोट कायम पहिल्या तोंडावर. तोंडानं वस्तूची सालं काढायची आणि बोट खदखदून हसणाऱ्यावर. 'हे तुम्ही विकत घ्याल का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "हमखास." एका चहाच्या कंपनीनं या भरवशावर पिवळाधमक पुडा बाजारात आणला. तो वर्षाच्या आत दिसेनासा झाला. मावशीच्या घरी मंचरच्या बाजारातली सुटी चहापत्ती यायची, तीच येत राहिली.

मी एकदा वैतागून विचारलं, "मावशी, घ्यायचा नव्हता तर हमखास कशाला म्हणालात?"

"अगं पोरी, दारात आलेल्या पावन्याला तोंडावर न्हाई कसं म्हनायचं? तुमी एवढ्या लांबनं खोकी घिऊन आलात. रडकं तोंड दाखवून वाटंला लावू व्हय?"

आणि घरात काय यायचं, हे तिच्या हातात नव्हतंच. ते नाना ठरवायचे. नाना म्हणजे तिचे मालक. उभा देह, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. बाजार ते करायचे, तेल-मिठापासून तिच्या लुगड्यापर्यंत. ती कायम आकाशी रंगात असायची. मी म्हटलं, तुम्हाला आकाशी आवडतो वाटतं. "मला?" ती म्हणाली, "मला तो बघवत न्हाई. ह्यांना आवडतो. आन् नेसल्यावर मला कुठं दिसतो? दिसतो त्यांनाच." असं म्हणून तिनं माझ्या हातातली शांपूची पुडी घेतली आणि तिचा जांभळा रंग अजून गडद कसा पाहिजे, यावर बराच वेळ बोलली.

मग मंदाला स्थळ आलं.

मंदा तिची थोरली. बारावी झालेली, आईसारखी गोरटेली, पण बोलायला आईच्या पासंगालाही पुरणारी नाही. उन्हाळा होता, कांदा साठवणीच्या बराखीत भरून झाला होता. आम्ही बिस्किटाचे पुडे घेऊन गेलो, तर अंगणात दोन जीप आधीच उभ्या. जुन्नरकडचे पाहुणे आले होते. द्राक्षाची बाग, विहिरीला पाणी, एकुलता मुलगा. पोहे झाले होते, मंदाला बघून झालं होतं, आणि आता पुरुषमाणसं सतरंजीवर बसून पुढचं बोलत होती. सगळं बोलणं मुलाचा चुलता करत होता. मुलगा एका कडेला बसून घड्याळाचा पट्टा सैल करत होता नि पुन्हा आवळत होता. नानांनी आम्हाला लांबूनच हातानं 'आज नको' केलं. साहेब वळलेही. तेवढ्यात दारातून मावशी म्हणाली, "सायेब, तुमी बसा. पोरी, तू आत ये."

आत मंदा चुलीपाशी कपबश्यांसमोर बसली होती. मावशीनं मला विचारलं, "ते तोंडांचं कार्ड आनलंय का?"

मी पिशवीतून काढून दिलं. तिनं ते पदरानं पुसलं आणि मंदापुढे ठेवलं. "मुलगा बघितलास न्हवं? ठिव बोट."

मंदानं माझ्याकडे बघितलं. आम्हाला प्रशिक्षणात एक वाक्य पाठ करायला लावलं होतं, ते माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं : "यात बरोबर-चूक काही नसतं. तुम्हाला जे वाटतं तेच सांगायचं."

तिचं बोट हसऱ्या तोंडाकडे गेलं, थबकलं, आणि मधल्या सरळ ओठांच्या तोंडावर येऊन थांबलं. आमच्या ऑफिसात मधल्या तोंडाला काही किंमत नव्हती. 'सांगता येत नाही' असं लिहून ते बाजूला टाकत.

मावशी त्या बोटाकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "माजीच पोर हाय ही. पावन्याला मी सुतकातबी हसरं तोंड दाखवलंया. हिला आज हसरं दाखवता येईना. म्हंजी आत काय चाललंय ते समज." आणि मंदाला, अगदी हळू, "का गं?"

"मुलगा वाईट न्हाई, आई," मंदा म्हणाली. "पन तो बोलतच न्हाई. चुलताच बोलतोय. मला वाटाया लागलं, लगीन चुलत्याशीच हाय का काय." मग जरा थांबून, "मला डी.एड.ला जायचंय."

मावशी उठली. डोक्यावरून पदर घेतला आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे.

"हे जमायचं न्हाई," ती म्हणाली.

चुलत्यानं सुपारी गालात सारली. "काय म्हनता? कुनी ठरवलं?"

"पोरीला इचारलं."

"आमच्यात पोरीला इचारायची पद्धत न्हाई."

"आमच्यातबी न्हवती. आत्ताच पडली."

"आत जा," नाना म्हणाले. आवाज चढवला नव्हता. त्यांना कधी चढवावा लागायचाही नाही. ती हलली नाही. तिनं चौकट धरली.

"जाते," ती म्हणाली. "पन येक सांगून जाते. ह्या सायेबांची जीप पुन्यावनं येती. साबनाचा कागद हिरवा पायजे का निळा, हे मला इचारायला येती. माजं मत झाल्याबिगर त्यांचा कागद छापत न्हाईत. आन् माज्या पोरीनं जलम कुठं काढायचा, हे इचारायला वसरीवनं चुलीपतूर कुनी आलं न्हाई. तुमीबी न्हाई, आमच्या मालकांनीबी न्हाई. मला तर न्हाईच इचारलं, त्याचं काय न्हाई. पन तिला?"

आणि मग त्या कडेच्या मुलानं पहिल्यांदा तोंड उघडलं. घड्याळाकडे बघतच तो म्हणाला, "मलाबी कुनी इचारलं न्हवतं."

चुलत्यानं त्याच्याकडे असं बघितलं की ते त्याचं शेवटचंच वाक्य ठरलं. पाहुणे उठले. जीप सुरू झाल्या. धूळ खाली बसल्यावर नाना साहेबांसमोर येऊन उभे राहिले.

"साबन विकायला आले आन् सोयरीक मोडून गेले!"

"नाना, गैरसमज होतोय," साहेब चाचरत म्हणाले. "आम्ही विकत नाही काही. आम्ही फक्त विचारतो."

"त्येच म्हंतोय मी!" नाना म्हणाले.

बिस्किटांचं त्या दिवशी राहूनच गेलं. नंतर साहेबांनी अहवाल लिहिला तेव्हा त्यात एक नवं वाक्य आलं : ग्रामीण गृहिणी आता घरातल्या मोठ्या निर्णयांत भाग घेऊ लागली आहे, सबब बिस्किटाचा पुडा मोठा काढावा. कंपनीला ते पटलं म्हणे. मावशीचं घर मात्र यादीतून वगळण्यात आलं. ती आता नमुना राहिली नव्हती.

पुढची दोन-तीन वर्षं तिला सोपी गेली नसणार. मंदाला कुणी स्थळ सुचवेना. कार्डाची गोष्ट बाहेर फुटलीच होती; कळंबात, पार पेठ गावापर्यंत, 'त्या कार्डावाल्या बाईची पोर' म्हणून बोभाटा. मावशी कधी मंचरच्या बाजारात भेटायची. पहिल्यांदा भेटली तेव्हा म्हणाली, "आमचं मालक माज्याशी बोलत न्हाईत. येका घरात ऱ्हातो आन् पोरीच्या हाती निरोप पाठवतो. तुज्या आईला सांग, भाकर टाक. तुज्या बापाला सांग, टाकलीया. घराचं पोष्टच झालंय बघ." हसत सांगत होती, पण गालफडं बसली होती. मंदा डी.एड. झाली, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका शाळेत लागली. तिथल्याच एका मास्तराशी तिचं लग्न झालं. तो तिला स्वतः विचारायला आला होता, आणि म्हणे घाबरून दोनदा तेच वाक्य बोलला.

पण गोष्टी इतक्या सरळ संपत नाहीत. जुन्नरकडचा तो मुलगा फार चांगला निघाला. बाग वाढवली, चुलत्यापासून वेगळा झाला, बायकोला गाडी चालवायला शिकवली. मंदाच्या नवऱ्याची बदली दर थोड्या दिवसांनी कुठं तरी आडरानात व्हायची. नाना हे चारचौघांत सांगायचे आणि सांगून बायकोकडे बघायचे. मी तिला विचारलं, मावशी, वाईट वाटतं का? तिनं माझ्याकडे नवलानं बघितलं. "चांगला निघाला ते बरंच झालं की गं. त्याचं वाटोळं व्हावं म्हनून थोडंच इचारलं व्हतं?"

त्याच सुमारास माझं लग्न झालं. मुलगा भोसरीला कंपनीत होता. नोकरी सुटली, मंचरही सुटलं. एजन्सीची जीप नंतर इकडं यायची बंद झाली. विचारणारे मोबाइलवर फोन करू लागले, आणि मी स्वतः असले फोन मध्येच तोडू लागले.

ती शेवटची भेटली मंचरच्या एसटी स्टँडवर. आईला बघून मी परत निघाले होते. ती बाकावर बसली होती, केस पांढरे, शेजारी बाजरीच्या पिठाची पिशवी. घोडेगावच्या गाडीनं मंदाकडे निघाली होती. नाना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "जायच्या आधी येका दिवाळीला बाजारातनं दोन लुगडी घिऊन आले. माज्या पुढं ठेवली आन् म्हनले, ह्यातलं कोनचं ठेवू? एवढ्या वर्सांत पैल्यांदा."

"मग? कोणतं घेतलंत?"

"दोनी आकाशीच व्हती," ती म्हणाली. आणि इतकी हसली की पलीकडचा कंडक्टर वळून बघू लागला. मग डोळे पुसून माझ्याकडे बघत राहिली. माझा चेहरा, माझी पर्स, माझ्या मांडीवरचे हात.

"तू एवढी दारोदार बाया-बापड्यांना इचारत फिरायचीस," ती म्हणाली. "तुज्या टायमाला तुला कुनी इचारलं व्हतं का गं?"

पुण्याची गाडी लागली. हीच गाडी धरीन असं मी भोसरीला घरी सांगून आले होते. कंडक्टरनं "पुणे, पुणे" असा पुकारा केला. मावशीनं पिठाची पिशवी बाकावरून उचलून खाली ठेवली आणि सरकून मला जागा केली.

मी बसले. कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून मुलाचा बायोडेटा आला त्या संध्याकाळपासून केली. आधी थोडंच सांगणार होते. ती मान डोलवत नव्हती, हं हं करत नव्हती, अरेरेही म्हणत नव्हती. नुसती ऐकत होती. पुण्याची गाडी गेली. थोड्या वेळानं तिची घोडेगावची लागली, तीही गेली. एका जागी येऊन मी थांबले. त्याच्या पुढचं मी आजवर कुणाशी बोलले नव्हते.

"मग?" ती म्हणाली.